एकदाच नाही म्हटलं होतं

नाताळच्या जेवणात, टर्की संपून पुडिंग यायच्या मधल्या वेळात, माझी मुलगी रोवेना मला म्हणाली, "डॅड, ग्रिम्सबीचं घर विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये. मागची खोली रिकामीच आहे."

मी म्हणालो, "छे छे, तुमच्यात माझी कशाला अडचण?"

आता ज्याला थोडंफार जग कळतं त्याला हेही कळतं, की याचा अर्थ 'पुन्हा विचार' असा होतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा 'तुम्हाला खरंच वाटत असेल तर' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बॅग भरायची. माझे वडील दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. माझ्या आईने तर त्यांच्या लग्नाच्या मागणीला 'बघू' एवढंच उत्तर दिलं होतं, आणि मग पुढचा रविवारभर खिडकीत उभी राहिली होती. रोवेना याच घराण्यातली. तिला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं, तुझी मर्जी," आणि पुडिंग आणायला आत गेली.

नाताळच्या रीतीप्रमाणे पुडिंगवर ब्रँडी ओतून ते पेटवलं, तेव्हा मी वाट बघितली. भांडी पुसताना वाट बघितली. दुसऱ्या दिवशी निघताना गाडीत बसून, काच खाली करून, कडाक्याच्या थंडीत वाट बघितली. तिने 'सावकाश चालव' एवढंच सांगितलं.

तेव्हापासून जूनपर्यंत मी वाटच बघत होतो. सांगताना माझीच मला कीव येते. बायको गेलेली, संध्याकाळी रेडिओशी वाद घालणारा एकटा म्हातारा, ज्या घरात जायला जीव टांगणीला लागलाय त्याच घराला तोंडाने नाही म्हणून बसलेला. फोनवर मी आडून आडून सुचवायचो. "इथला जिना हल्ली फार उंच झालाय," असं म्हणायचो. ती म्हणायची, "कठड्याला धरून चढ." सरळ बोलायची सोय नव्हती, कारण सरळ बोलणं मला जमतं ते फक्त नोकरीत. मी आयुष्यभर ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली. शेजारी बसलेल्या परक्या माणसाला 'माफ करा, तुम्ही नापास झालात' असं मी न अडखळता सांगायचो, आणि तेही 'थँक्यू' म्हणायचे. घरी मात्र मला मिठाची बाटली मागायलाही लांबून वळसा घालावा लागतो.

जूनमध्ये रोवेनाने शनिवार-रविवारसाठी बोलावलं. ती आणि तिचा नवरा डंकन वेल्बीला राहतात. लिंकनच्या जवळचं हे गाव इतकं शांत, की कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतात. टेकडीवरचं कॅथेड्रल त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतं. दर खेपेला 'या वेळी नक्की जाऊ' असं ठरतं, आणि दर खेपेला आम्ही ते न्हाणीघरातूनच बघतो.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तर दारातच रंगाचा वास आला. मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. भिंतींना नवा फिका हिरवा रंग. खिडकीखाली मापाची टेप पडलेली. हात धुवायला गेलो तर न्हाणीघरात टबाशेजारी धरायला स्टीलची नवी कोरी दांडी. मी दांडी धरून बघितली. माझ्या उंचीला जरा खालीच होती, पण तक्रार करणारा मी नव्हे.

"खोलीतला रंग ओला आहे डॅड. आज सोफ्यावर झोपशील?" रोवेनाने विचारलं.

"सोफ्याइतकी चांगली झोप मला कुठेच लागत नाही," मी म्हणालो. सोफ्याची लांबी माझ्या गुडघ्यांपर्यंत होती.

रात्रभर कुशी बदलत मी मनात मांडे खात होतो. माझी आरामखुर्ची खिडकीशी ठेवायची. बायकोचा फोटो उजव्या भिंतीवर. रेडिओ हळू लावायचा. उद्या रात्रीच्या जेवणात ही मला विचारणार, हे आता उघड होतं. सकाळी दाढी करताना मी आरशासमोर 'तुम्हाला खरंच वाटत असेल तर' हे वाक्य तीन-चार तऱ्हांनी म्हणून बघितलं. जरा आश्चर्याचा सूर लावला की ते बरं वाटत होतं.

जूनमधल्या या एका शनिवारी वेल्बीत बागा उघड्या असतात. चर्चच्या हॉलमध्ये देणगी दिली की छातीवर एक गोल कागद चिकटवतात, मग गावातल्या लोकांच्या घरामागच्या बागा हक्काने फिरून बघायच्या. ज्या घराची बाग खुली असेल त्याच्या फाटकावर पिवळा फुगा. रोवेना त्या दिवशी नारिंगी जाकीट घालून रस्त्यावर लोकांना दिशा दाखवायच्या कामावर होती. तिने मला कागद चिकटवला आणि नकाशा पुढे केला.

"छे, कशाला तुमचा एक नकाशा वाया," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तिने तो मागच्या बाईला दिला. या मुलीत खरोखर काहीतरी कमी आहे.

पहिल्या दोन-तीन बागा मी चर्चमध्ये चालावं तसा हात मागे बांधून बघितल्या. मग एका वळणावर, जरा आडबाजूला, एका फाटकाच्या गजावर पिवळं काहीतरी दिसलं. चष्मा खिशात होता. फाटक ढकलून आत गेलो. तो फुगा नव्हता, बागकामाचा रबरी हातमोजा होता, हे मला फार उशिरा कळलं. रस्त्यात पडलेला दिसला म्हणून कुणीतरी भल्या माणसाने उचलून गजावर खोचला होता. मीही असे कितीतरी खोचले आहेत.

मागच्या अंगणात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई ड्रेसिंग गाऊन घालून, प्लास्टिकच्या टबात पाय बुडवून बसल्या होत्या. मला बघून त्या अर्धवट उठल्या, आणि शेजारची खुर्ची त्यांनी पुढे ओढली.

"आत आलो तर चालेल ना?" मी विचारलं.

"आता आलाच आहात," त्या म्हणाल्या.

मी थँक्यू म्हणून खुर्चीत बसलो. त्या माझ्याकडे आणि खुर्चीकडे बघत राहिल्या. मग हळूच पाय पुसून त्यांनी चपला घातल्या.

"फारच सुंदर," मी म्हणालो. हे अशा दिवशी बघायच्या आधीच म्हणायचं असतं. मग मी बघितलं. कमरेएवढं गवत, आणि कुंपणाला लागून अंगाला घासली की आग होते ती नेटलची झुडपं, माणसाच्या खांद्याला येतील अशी. मध्ये एक जुना न्हाणीघरातला टब, त्यात हिरवं पाणी. हल्ली बागा मुद्दाम रानटी ठेवायची टूम निघाली आहे, हे मी वाचलं होतं. अडाणी दिसायची माझी इच्छा नव्हती.

"हे फुलपाखरांसाठी ठेवलंय वाटतं?" मी नेटलकडे बोट केलं.

त्यांनी वळून बघितलं. "त्यांना मी कधी नको म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"आणि पाण्याची ही कल्पना तर छानच."

"तो टब आहे. नवरा फेकून देणार होता."

"मग राहू दिलात?"

"नवराच राहिला नाही."

यावर मी 'फारच सुंदर' पुन्हा म्हणालो, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. बाईंनी एक उसासा टाकला. "चहा घेणार का?"

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास."

"घ्या हो. पाणी उकळतंय."

"तुम्हाला खरंच वाटत असेल तर," मी म्हणालो. बघा, ही बाई. अनोळखी, ड्रेसिंग गाऊनमधली, पण रीत माहीत असलेली. रोवेनाने हिच्याकडे शिकवणी लावायला हवी होती.

घोळ झाला तो चहामुळे. मी बागेत खुर्चीवर बसून कपबशीतून चहा पितोय, छातीवर गोल कागद, हे फाटकातून एका जोडप्याला दिसलं. इतर बागांत नुसतीच फुलं होती. जोडपं आत आलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जाणकारासारखी मान हलवली. बाई आत जाऊन आणखी दोन कप घेऊन आल्या. मग गवती हॅट घातलेल्या एक बाई आल्या, त्यांच्या मागून चौघांचा घोळका, आणि त्यानंतर फाटकाबाहेर रांगच लागली. रांग दिसली की माणसं तिच्यात उभी राहतात, कशाची आहे ते नंतर विचारतात.

गवती हॅटने नेटलजवळ वाकून विचारलं, "ही कुठली जात म्हणायची?"

घरच्या बाईंच्या चेहऱ्यावर संकट दिसलं. मी मध्ये पडलो. "ही इथलीच," मी म्हणालो. "मुद्दाम लावावी लागत नाही."

"वा," गवती हॅट म्हणाली, आणि तिने नवऱ्याला बोलावून ती दाखवली.

बाईंनी फळांचा एक मोठा केक आणून कापला. दूध संपलं तेव्हा लिंबू आणलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कप संपले. तुम्ही जरा आत येऊन विसळता का?" मी बाह्या सरसावल्या. त्यांचं नाव मिसेस थ्रॉसल आहे हे मला सिंकवर ठेवलेल्या औषधाच्या बाटलीवरून कळलं. विचारायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

हातात फेस असतानाच खिडकीत नारिंगी जाकीट दिसलं.

"डॅड," रोवेना म्हणाली, "तू इथे काय करतोयस?"

"कप विसळतोय."

"हे घर नकाशावर नाही. खालच्या वळणावर कुणीतरी म्हणालं की फुकट केक मिळतोय, म्हणून बघायला आले. हे लोक कोण?"

तिने हे काही ओरडून सांगितलं नाही, पण खिडकी उघडी होती. बागेतले सगळे आपापल्या कपात बघू लागले. आणि मग कुणीही गेलं नाही. लगेच निघालं तर आपली चूक झाली असं कबूल केल्यासारखं होईल, म्हणून सगळ्यांनी चहा शांतपणे शेवटपर्यंत प्यायला. एकेकाने येऊन कप सिंकवर ठेवला आणि मिसेस थ्रॉसलना 'आजची सर्वात छान बाग' असं सांगितलं. गवती हॅटने नेटलचं रोप मिळेल का म्हणून विचारलं. मिसेस थ्रॉसल म्हणाल्या, "हवं तेवढं न्या." ती हात भाजून घेत एक घेऊनही गेली.

सगळे गेल्यावर मी माफी मागायला सुरुवात केली. ती बराच वेळ चालली. मिसेस थ्रॉसल खुर्चीत टेकल्या.

"तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, कौन्सिलचा माणूस आला, गवताची तक्रार घेऊन," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही बसलात."

"तुम्ही खुर्ची ओढलीत म्हणून बसलो."

"ती मी पाय ठेवायला ओढली होती."

"मग सांगायचं ना."

"बसलेल्या माणसाला काय सांगणार?"

"आणि केक? तो कुणासाठी केला असेल तर..."

"बहिणीसाठी. उद्या न्यायचा होता. तिला आवडत नाही तो."

"तिने तसं सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? दर वर्षी नेते, दर वर्षी छान झालाय म्हणते. कुत्र्याला घालते, मी बघितलंय एकदा." त्या उठल्या आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "जा आता. मुलगी थांबलीय."

रस्त्याला लागल्यावर रोवेना इतकी हसली, की तिला दोनदा भिंतीला टेकावं लागलं. मीही हसलो. संध्याकाळचं ऊन होतं, कुणीतरी लांब गवत कापत होतं, आणि आपण याच गावातले आहोत असं मला अगदी आतून वाटलं. त्या हसण्याने मला धीर आला. जेवणापर्यंत थांबायचं कशाला?

"रंग छान निवडलात," मी म्हणालो. "माझी आरामखुर्ची खिडकीशी बसेल. मापून बघितलं मी."

रोवेना थांबली. "कुठल्या खिडकीशी?"

"मागच्या खोलीच्या."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. नापास झाल्याचं कळायच्या क्षणी माणसांचे चेहरे कसे होतात ते मी खूप बघितलंय. या वेळी नापास कोण झालंय ते मात्र मला तिच्याआधी कळलं.

"डॅड, ती खोली मोरॅगसाठी आहे. ऑगस्टमध्ये येतेय ती राहायला."

मोरॅग म्हणजे डंकनची आई. ग्लासगोची. उंचीने माझ्या खांद्याखाली. त्या दांडीचं माप मला आता कळलं.

"पण तू मला विचारलं होतंस," मी म्हणालो.

"तू नाही म्हणालास."

"एकदाच नाही म्हटलं होतं."

"मग किती वेळा म्हणायचं होतं?"

"आणि मोरॅगने लगेच हो म्हटलं?" मी विचारलं.

"डंकन फोनवर म्हणत होता, 'आई, समजा कधी तुला वाटलं तर...' तेवढ्यात ती म्हणाली, 'माझा पलंग कुठल्या भिंतीला येईल?'"

त्या बाईचा मला भयंकर राग आला, आणि हेवा त्याहून जास्त वाटला. मी म्हणालो, "छान. फार छान झालं. मी आपली गंमत करत होतो." वाक्याच्या शेवटी आवाज फुटला. गंमत करताना सहसा तो फुटत नाही.

घरी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात डंकन बटाटे सोलत होता. आमची तोंडं बघून तो म्हणाला, "काय झालं? बागेत कुणी मेलं का?"

रोवेनाने जाकीट काढून खुर्चीवर फेकलं. "डॅडला मागच्या खोलीत यायचं होतं," ती म्हणाली. "नाताळपासून. आणि मला आज सांगतोय."

"नाही, नाही," मी म्हणालो, "तसं अगदीच काही..."

"गप्प बस, डॅड." ती टेबलाशी बसली. तिचे डोळे भरले होते. "तुला माहितेय, त्या रात्री मी किती रडले? डंकनला विचार. मी म्हटलं, त्याला मी नकोय. त्याला त्याचं ते गारठलेलं घर आणि तो रेडिओ माझ्यापेक्षा जास्त प्यारा आहे. पुन्हा विचारलं तर पुन्हा नाही म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही. म्हणून नाही विचारलं. गाडीची काच खाली करून बसला होतास ना? तेव्हा तोंडाशी आलं होतं माझ्या."

डंकन बटाट्याकडे बघत म्हणाला, "रडली होती, खरंच."

इतके महिने मी स्वतःला बिचारा समजत होतो. आपल्या चांगुलपणाची कुणाला कदर नाही म्हणून रुसून बसलो होतो, आणि ही पोरगी इकडे समजत होती की बापाने तिला नाकारलं. माझी ती सगळी सभ्यता माझ्याच लेकीच्या जिव्हारी लागली होती. मला फार लाज वाटली. तिच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, तरी ठेवला.

तिने नाक पुसलं. "बॉयलरशेजारची छोटी खोली आहे," ती म्हणाली. "पलंग मावेल. खुर्ची मावणार नाही. बॉयलर पहाटे घुरघुरतो. पलीकडे मोरॅग असेल, आणि ती झोपेत गाते. इस्त्रीचं टेबल सध्या तिथेच असतं. मी एकदाच विचारणार आहे. येतोस?"

"अगं, पण तुमचं इस्त्रीचं टेबल कुठे..." माझं तोंड सवयीने उघडलं.

रोवेना 'त्याची सोय होईल' असं म्हणाली असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. डंकनचा चाकू थांबला. टेबलापलीकडे माझी मुलगी होती आणि बाकी सगळं माझ्यावर होतं. इतकं अवघड वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि त्यात शब्द किती थोडे होते.

"हो," मी म्हणालो. "येतो. मला यायचंय. मला तिथे फार एकटं वाटतं, रो."

ती उठली. मी पुढे काही बोलायच्या आत तिने छोट्या खोलीचं दार उघडलं, आणि आतून इस्त्रीचं टेबल भिंतींना आपटत बाहेर ओढल्याचा आवाज येऊ लागला.